लवकर वाढणारा शिरीष : लावायचा, पण कुठे?



पाऊस तोंडावर आला की आमच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो. हप्ते गोळा होतात, कर्जाची नोंद होते, आणि मग कुणीतरी विचारतं, "ताई, यंदा कोणतं झाड लावायचं? लवकर मोठं होईल असं सांगा." विचारणाऱ्या बाईचं चुकत नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पाण्याच्या टाकीपाशी, एसटीच्या थांब्यापाशी, रेशनच्या रांगेत बाईच उभी असते. सावली तिला आत्ता हवी असते.

लवकर वाढणारं आणि आपल्याच देशातलं असं एक झाड आपल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे शिरीष. कुणी त्याला शिरस म्हणतं. आज आपण याच झाडाबद्दल बोलणार आहोत. त्याचे गुण सांगू आणि त्याची खोडही सांगू. गुण आम्हाला आधीच माहीत होते. खोड मात्र घरावरचा पत्रा फुटल्यावर कळली.

आधी ओळख करून घेऊ

शिरीष हे शेंगेचं झाड आहे. बाभूळ, चिंच, करंज यांच्याच मोठ्या कुळातलं. पान चिंचेसारखं बारीक पानांचं, पण चिंचेपेक्षा मोठं आणि रुंद. रात्र झाली की ही पानं मिटतात. आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात की झाड झोपलं, ते याच्यावरूनच.

हिवाळा सरता सरता पानं गळतात आणि झाडावर फक्त शेंगा उरतात. चपट्या, वीतभर लांबीच्या, वाळक्या गवताच्या रंगाच्या. त्यांच्यात सहा ते बारा बिया सुट्या झालेल्या असतात. वारा आला की सगळं झाड खुळखुळ्यासारखं वाजतं. या आवाजावरून इंग्रजीत या झाडाला 'बायकांची जीभ' असं नाव पडलं आहे. बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "ज्याने नाव ठेवलं तो कधी ग्रामसभेला बसला नसेल. तिथे कोण किती बोलतं ते पाहिलं असतं!" सगळ्या हसल्या. तर नाव काहीही असो, हा आवाज ही शिरीषाची पक्की खूण आहे.

चैत्रात नवी पालवी येते. पाठोपाठ फुलं येतात. पावडर लावायच्या फुग्यासारखी मऊ, हिरवट पांढरी, गोड वासाची. त्यांच्यावर मधमाश्या तुटून पडतात. ही फुलं जुन्या काळी बायका कानावर माळत. कालिदासाच्या शाकुंतल नाटकातही बायकांच्या कानावरच्या शिरीषफुलांचा उल्लेख आहे. एखाद्या नाजूक मुलीला शिरीषाच्या फुलाची उपमा देतात.

एक घोटाळा मात्र टाळा. शहरात रस्त्याकडेला भल्यामोठ्या छत्रीसारखं, गुलाबी फुलांचं एक झाड असतं. त्याला काही जण विलायती शिरीष म्हणतात. तो वर्षावृक्ष. तो दक्षिण अमेरिकेकडून आपल्याकडे आला. त्याची शेंग जाड आणि आत चिकट गोड गराची असते. आपल्या शिरीषाची शेंग कागदासारखी पातळ. रोपवाटिकेत नुसतं शिरीष म्हटलं तर कधीकधी दुसरंच रोप हातात पडतं. म्हणून शेंग पाहून बी आपणच गोळा केलेलं बरं.

गुण काय?

पहिला गुण वाढीचा. पहिली दोन वर्षं गुरांपासून जपलं आणि थोडं पाणी दिलं, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडाखाली बसायला सावली होते. आमच्या गावाबाहेरच्या गायरानात २०१६ च्या पावसाळ्यात लावलेली रोपं आज दुमजली घराच्या उंचीची आहेत. चांगल्या जमिनीत शिरीष ६० फुटांपर्यंत जातो.

दुसरा गुण, तो कमी पावसात तगतो. वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो. म्हणजे धुळे, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर या कोरड्या पट्ट्यातही तो येतो. मुरमाड जमीन चालते, थोडी खारवट जमीनही सोसतो. फक्त सतत पाणी साचून राहणारी जागा नको.

तिसरा गुण जमिनीसाठी. याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशाच या गाठी. गळलेला पाला कुजून खत होतो. मुळं वरच्या थरात पसरून माती धरून ठेवतात. नाल्याकाठी, गायरानाच्या उतारावर माती वाहून जात असेल तिथे याचा उपयोग होतो.

चौथा गुण शेळ्यांसाठी. शेळ्या हा पाला आवडीने खातात. वाळलेल्या पाल्यात शंभरात १५ ते २० भाग प्रथिनं असतात. ज्वारीच्या कडब्यात चार-पाच भागच असतात. म्हणून मार्च-एप्रिलनंतर बांधावर हिरवं काही उरत नाही तेव्हा नव्या पालवीच्या दोन फांद्या फार कामाला येतात. पण एकटा शिरीष पोटभर घालू नका. दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. वाळक्या शेंगा तर थोड्याच. शेंगांत आणि सालीत रिठ्यासारखं फेस आणणारं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर जनावराला बाधतं.

पाचवा गुण लाकडाचा. जुन्या झाडाचं आतलं लाकूड गडद तपकिरी, टिकाऊ असतं. त्याचं फर्निचर होतं, पूर्वी गाडीच्या चाकांसाठीही ते वापरत. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र किडतं. आणि फांद्या तोडल्या तर झाड पुन्हा फुटतं, त्यामुळे सरपणही मिळत राहतं.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. आयुर्वेदात विषावरच्या औषधांत शिरीषाला मोठा मान आहे. त्यामुळे साप चावला की शिरीषाची साल उगाळून द्या, असं सांगणारे गावात अजून आहेत. तायांनो, साप चावल्यावर असल्या गोष्टीत एक मिनिटही घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, आणि सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. सर्पविषावरची लस तिथे असते. तिचं काम साल करत नाही.

आता खोड

इतके गुण ऐकून २०१६ साली आम्ही हरखून गेलो होतो. गटाने शंभरेक रोपं केली. काही गायरानात लावली, काही शाळेच्या कुंपणाकडेला, आणि उरलेली ज्या तायांनी मागितली त्यांच्या अंगणात. आमच्यातल्या एका ताईने घराच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर रोप लावलं. सासूबाईंना दुपारी बाजेवर पडायला सावली हवी होती. झाडही असं वाढलं की चौथ्या वर्षी अर्ध्या घरावर सावली आली. ज्यांच्याकडे लावलं नव्हतं त्या आम्हाला बोल लावायच्या.

२०२३ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. रावेर-यावलकडच्या बहिणींना मे-जूनचं वादळ काय असतं ते सांगायला नको. उभी केळी तासाभरात आडवी होते. त्या वादळात शिरीषाची मांडीएवढी जाड फांदी मोडली आणि ताईच्या घरावर आली. दोन पत्रे फुटले, एक वासा गेला. सासूबाई पाच मिनिटांपूर्वी बाजेवरून उठून आत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणं. "बायकांच्या झाडाने घर फोडलं." शाळेजवळची आणि गायरानातलीसुद्धा सगळी झाडं तोडा, असंही काही जण म्हणाले. ताईचे मालक तर गटाचं नाव घ्यायला तयार नव्हते. ताई त्या महिन्याच्या बैठकीला आली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. आमच्यासमोर ती एवढंच म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, लवकर वाढतं म्हणून?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. लवकर वाढतं हे आम्ही सांगितलं होतं. लवकर वाढणाऱ्या झाडाच्या लांब फांद्या वाऱ्यात लवकर मोडतात, हे सांगितलं नव्हतं. याची मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. तीच मुळं नाल्याकाठी माती धरतात, पण मोठ्या वादळात त्यामुळेच आख्खं झाडही उपटून पडू शकतं. तेही सांगितलं नव्हतं. झाडाचा यात दोष नव्हता. जागा चुकली होती, आणि ती आमच्यामुळे चुकली होती.

गटाची खास बैठक घेतली. दंडाचे पैसे जमले होते त्यातून पत्र्यांचा खर्च द्यायचा ठरलं. सगळ्यांना ते पटलं नाही. "झाड तिच्या अंगणात, पैसे आपले का?" असं दोघींनी विचारलं. एका मावशीने उत्तर दिलं, "रोप आपण दिलं, माहिती आपण दिली. अर्धी माहिती दिली म्हणून अर्धा दंड तरी आपला." शेवटी अर्धे पैसे गटाने दिले आणि अर्ध्यासाठी ताईला अंतर्गत कर्ज बिनव्याजी दिलं. अंगणातलं ते झाड काढलं. त्याच जागी आता कढीपत्ता आणि लिंबू आहे. ताई पुढच्या महिन्यात बैठकीला आली. आज ती गटाची सचिव आहे.

गायरानातली झाडं मात्र आम्ही तोडू दिली नाहीत. ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की तिथे घर नाही, तार नाही, फांदी मोडली तर सरपण होईल. ती झाडं आजही उभी आहेत. चराईला जाणाऱ्या बाया दुपारी त्यांच्याखालीच भाकर खातात.

मग कुठे लावायचा?

या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते आता नीट सांगतो. पेन असेल तर लिहून घ्या.

घर, गोठा, अंगणवाडीची खोली, पत्र्याची शेड यांच्यापासून निदान ३० फूट लांब लावा. झाड पूर्ण वाढल्यावर त्याची फांदी छपरावर येणार नाही एवढी जागा सोडायची, हा साधा हिशेब.

विजेच्या तारेखाली आणि डीपीजवळ लावू नका. तिथे दर दोन वर्षांनी कोणीतरी येऊन झाडाचा शेंडा छाटणार. असं वेडंवाकडं छाटलेलं झाड आणखी कमकुवत होतं. तारेखाली डाळिंब, कढीपत्ता, अडुळसा अशी बुटकी झाडं लावा.

विहीर, पाण्याची टाकी, शोषखड्डा, संडासाची टाकी यांच्यापासूनही लांब ठेवा. मुळं पाण्याकडे धावतात आणि फटीत शिरतात.

पिकाच्या शेतात बांधावर लावायचा असेल तर झाडं लांब लांब ठेवा. वरच्या थरातली मुळं पिकाचं पाणी ओढतात. पेरणीच्या आधी झाड सवळून घ्या, म्हणजे पिकावर सावली पडत नाही आणि पाला शेळ्यांना मिळतो. केळीच्या बागेच्या कडेला वारा अडवायला म्हणून मात्र हा लावू नका. ज्या झाडाच्या फांद्या स्वतःच वाऱ्यात मोडतात, ते बागेची राखण काय करणार?

मग राहिलं काय? पुष्कळ राहिलं. गायरान, गावतळ्याच्या वरचा उतार, नाल्याचा काठ, स्मशानभूमीची मोकळी जागा, शाळेच्या मैदानाची दूरची कड, बाजारतळ. जिथे छप्पर नाही आणि माणसाला सावली हवी आहे, तिथे शिरीष. उन्हाळ्यात सावली देतो, आणि थंडी सरताना पानं गाळून ऊनही आत येऊ देतो.

आणखी एक. सगळीकडे फक्त शिरीषच लावू नका. दोन शिरीषांच्या मध्ये एक चिंच, एक कडुनिंब, किंवा डोंगराळ कोरड्या जागी एक अंजन लावा. अंजन हळू वाढतो, पण त्याचं लाकूड लोखंडासारखं आणि आयुष्य मोठं. सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं शिरीष सावली देईल आणि जमीन सुधारेल. तोवर हळू वाढणारी झाडं वर येतील. सावली आपल्या वाट्याला येईल, चिंचा आपल्या नातवंडांच्या.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव तुम्ही ऐकलं असेल. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं उजाड जंगल राखून पुन्हा उभं केलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथेही मुख्य काम राखणीचं होतं. कुऱ्हाड आणि चराई यांच्यावर गावानेच नियम केले आणि पाळले. रोप लावणं एका दिवसाचं काम आहे, राखणं वर्षांचं. ते बायकांना जमतं, कारण राखणं हेच तर आपण जन्मभर करतो.

रोप घरी कसं करायचं?

जानेवारी ते मार्चमध्ये सरळ खोडाच्या, निरोगी झाडाच्या वाळलेल्या शेंगा गोळा करा. बिया काढून भोकं पडलेल्या बाजूला टाका, त्यांना कीड लागलेली असते. बीचं कवच कडक असतं, तसंच पेरलं तर महिनाभर वाट पाहावी लागते. म्हणून पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बिया टाका आणि त्याच पाण्यात रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी ज्या फुगतील त्या पेरा. मार्चअखेर पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरून प्रत्येकी दोन बिया लावा. आठ-दहा दिवसांत उगवतात. पिशव्या सावलीत ठेवा आणि मग हळूहळू उन्हाची सवय लावा.

दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्या. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून घाई करू नका. जमीन हातभर ओली झाली की लावा. पिशवी फाडून काढा, मुळं गोल गुंडाळलेली असतील तर मोकळी करा. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला. शेळीला पाला आवडतो हे आत्ताच सांगितलं, ती रोपही सोडणार नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाशेजारी मातीचं गाडगं पुरून ठेवा, तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घाला. आठवड्यातून दोनदा भरलं तरी पुरतं.

दुसऱ्या वर्षापासून एक काम विसरू नका. खोड एक ठेवा. खालून दोन खोडं फुटली तर कमजोर काढून टाका. अशी जोडखोडं मोठी झाल्यावर मधूनच चिरतात. आणि मोठ्या झाडाच्या वाळक्या फांद्या दर वर्षी वैशाखाच्या वादळाआधी उतरवून घ्या. आमच्या गटात या कामाची पाळी लावली आहे, कर्जाच्या वसुलीसारखी नोंद होते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत "लवकर मोठं होईल असं झाड सांगा" असं कुणी म्हटलं की तिला आधी विचारा, "लावणार कुठे?" जागा पाहून या, वर तार आहे का बघा, छप्पर किती लांब आहे ते पावलांनी मोजा. दहा मोठी पावलं म्हणजे साधारण २५ ते ३० फूट. आमच्या ताईच्या अंगणात चारच पावलं होती, आणि ती कुणीच मोजली नव्हती.

पुन्हा भेटू. तोवर बिया गोळा करून ठेवा, खड्डे काढून ठेवा. नमस्कार.